वही कोण वाचतं ते बघा

शुक्रवारी रात्री सांगलीच्या एका पोराचा फोन आला. ओळख नव्हती, कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डमधल्या एका हॉटेलात स्वयंपाकी व्हायची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं पगारी प्रशिक्षण, करतोय आणि चौथा महिना चालू आहे. "दादा, भांडी घासायला माझी ना नाही. पण नुसती भांडीच." मी एवढंच विचारलं, "वहीवर सह्या होतात का?"

तो म्हणाला, "कसली वही?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आउसबिल्डुंग म्हणजे काय हे आता घरी कुणाला सांगावं लागत नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून मला येणारे निरोपही वाढलेत. सगळे विचारतात, पगार किती, भाषा किती लागते, व्हिसा किती दिवसांत होतो. मालक कसा आहे, हे कसं ओळखायचं, ते मात्र कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

तर वहीबद्दल. इथे शिकाऊ मुलाला, म्हणजे अत्सुबीला, काय काम केलं, किती वेळ केलं, शाळेत काय शिकवलं हे नियमित लिहून ठेवावं लागतं. त्या वहीला बेरिश्ट्सहेफ्ट म्हणतात. ती कामाच्या वेळेत लिहायला मिळाली पाहिजे असा कायदा आहे, आणि शिकवणाऱ्याने ती तपासून सही करायची असते. सह्या असलेली वही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. वाचताना हे सरकारी सोपस्कार वाटतील, मलाही तसंच वाटायचं.

आता मी एस्लिंगेनजवळ चौदा माणसांच्या एका वर्कशॉपमध्ये टर्निंग-मिलिंग, म्हणजे मशीनवर धातू कापून पार्ट बनवणं, शिकतोय. साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यातलं दुसरं वर्ष चालू आहे. आमच्याकडे शुक्रवारी जेवणाआधी अर्धा तास माझं मशीन बंद असतं. माइस्टर, म्हणजे मला शिकवणारे उस्ताद, शेजारी स्टूल ओढून बसतात आणि वही उघडतात. (त्यांना मी जर्मनमध्ये 'डू' म्हणतो, म्हणजे सरळ अरे-तुरे. मराठीत लिहिताना मात्र एकेरी लिहायला हात धजत नाही.)

ऑक्टोबरातल्या एका आठवड्यात मी लिहिलं होतं, 'शाफ्ट टर्निंग, 6 तास.' त्यांनी पेन्सिलने 6 खाली रेघ मारली. काम चार तासांचं होतं, मग सहा कसे लागले? मी सांगितलं, पहिले दोन शाफ्ट बाद झाले, 0.03 मिलिमीटरने बारीक निघाले. "मग ते लिही. का निघाले?" मी म्हणालो, टूल झिजलं असेल. ते उठले, बाद झालेला शाफ्ट घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. "तू मोजलास तेव्हा एवढाच थंड होता का?" नव्हता. हाताला चटका बसेल इतका गरम असतानाच मी मायक्रोमीटर लावला होता. 60 मिलिमीटरचा शाफ्ट गार होताना आकसला आणि मापाबाहेर गेला. हे सगळं त्यांनी मला माझ्या हाताने लिहायला लावलं, खाली सही केली, आणि त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा पानावर तसाच राहिला.

ते पान लिहिताना मला आबा आठवले. आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप. शेवटचा कट झाला की आबा पोरांना म्हणायचे, "ठेव खाली. चहा पिऊन ये, मग मोज." लहानपणापासून हे वाक्य शंभरदा ऐकलंय. मला वाटायचं आबा मायाळू आहेत, पोरांना चहाला सोडतात. लेथपासून जवळजवळ सात हजार किलोमीटर लांब येऊन कळलं की ते मोजमाप शिकवत होते.

हे इथे मी आवर्जून सांगतो, कारण जेवणाच्या टेबलावर कुणी ना कुणी म्हणतोच की भारतात शिकवायची पद्धत नाही. तसं नाही. आबांच्या हाताखाली उमेदवारी केलेली माणसं कापण्याच्या आवाजावरून सांगतात की टूलची धार गेलीय. त्यातल्या दोघांचे आज शिरोली आणि गोकुळ शिरगावला स्वतःचे शेड आहेत. माझ्या वर्गातला एकही जर्मन मुलगा दुसऱ्या वर्षाला ते करू शकत नाही. पण हेही खरं की आबांकडे आठ वर्षं काढलेल्या माणसाजवळ दाखवायला एक कागद नव्हता. चहाचं कारण आबांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आपल्याकडे 1961 पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, पण दोन लेथच्या वर्कशॉपपर्यंत तो कधी पोचला नाही.

माझी सुरुवात या वर्कशॉपपासून झाली नाही, हे घरी सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर 2023 मध्ये मीही एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातच आलो होतो. जागा पुण्याच्या एजंटने निवडली आणि मी फक्त पगाराचा आकडा बघितला. तो या वर्कशॉपमधल्या माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा शंभर युरो जास्त होता. किमान भत्ता इथे कायद्यानेच ठरतो, 2025 मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिना 682 युरो, 2026 मध्ये सुरू करणाऱ्याला 724. त्याच्या वरचा आकडा दिसला की आपण हुरळतो. मी बटाटे सोलले आणि भांडी घासली. करारात शिकवणारा म्हणून ज्याचं नाव होतं, तो माणूस मला दोनदा दिसला. अकरा आठवड्यांच्या वहीवर मुख्य आचाऱ्याने एका बैठकीत, एकही पान न वाचता सह्या केल्या. मी काही बोललो तर त्यांच्यातली म्हण ऐकवायचा, शिकायची वर्षं ही साहेबी करायची वर्षं नव्हेत.

तिथून मी निघालो. काका अजून म्हणतात, तीन महिन्यांत पळून आला. काका, पळालो नाही. पहिला एक ते चार महिन्यांचा प्रोबेत्साइट दोघांनी एकमेकांना पारखण्यासाठीच असतो, आणि त्या काळात कुठल्याही दिवशी, कारण न देता सोडता येतं. शिकण्याशी संबंध नसलेली कामं शिकाऊ मुलाला देऊ नयेत, असंही इथल्या प्रशिक्षणाच्या कायद्यात लिहिलंय. मी आधी उद्योग-व्यापार मंडळाच्या सल्लागार बाईंकडे गेलो. हा सल्ला फुकट असतो, आणि शिकाऊ करारांची नोंद याच मंडळाकडे असते. मग परदेशी नागरिकांच्या कचेरीत गेलो, कारण माझा परवाना त्या स्वयंपाकघराशी बांधलेला होता. दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते, ती मला मिळाली. ते सगळं मार्गी लागल्यावरच राजीनामा दिला. त्या हिवाळ्यात मी चौतीस अर्ज केले. आईला फोनवर सगळं ठीक आहे म्हणायचो, आणि ते खोटं होतं.

या वर्कशॉपने करार करण्याआधी तीन दिवस कामाला बोलावलं. त्या तीन दिवसांत मी यावेळी डोळे उघडे ठेवले. मालकाशी थोडंच बोललो, दुसऱ्या वर्षाच्या मुलीशी जास्त बोललो. तिला विचारलं, तुला शिकवतं कोण, तो सुट्टीवर गेला की कोण, शाळेच्या दिवशी परत कामावर बोलावतात का, तुझ्या आधीचे किती जण परीक्षा पास होऊन इथेच राहिले? तिने उत्तरं देता देता स्वतःची वही काढून दाखवली. पानापानावर पेन्सिलच्या खुणा होत्या. खिडकीखाली एक फळी होती. तिच्यावर शिकाऊ मुलांचे बाद झालेले जॉब ओळीने ठेवलेले आणि प्रत्येकाला तारीख आणि कारणाची चिठ्ठी. ती फळी बघून मी मनात होकार दिला. आज माझे चार तुकडे तिथे आहेत, त्यात तो शाफ्टही.

तुमच्यापैकी जे यायच्या तयारीत आहेत, त्यांनी करारासोबत प्रशिक्षणाचा आराखडा मागून घ्या. कोणत्या काळात काय शिकवणार ते त्यात असायलाच हवं. नुसता अभ्यासक्रमाचा छापील कागद पाठवला तर पुन्हा विचारा. शिकवणाऱ्याने सहसा त्यासाठीची परीक्षा दिलेली असते, त्याचं नाव विचारा आणि व्हिडिओ कॉलवर त्याच्याशीच बोला. मार्च 2024 पासून जागा शोधण्यासाठी नऊ महिन्यांपर्यंत इथे येऊन राहता येतं. वय 35 पेक्षा कमी आणि जर्मन बी-1 पातळीचं पाहिजे, आणि त्या काळात दोन आठवड्यांपर्यंत एखाद्या ठिकाणी काम करून बघता येतं. त्यासाठी खिशात पैसे लागतात, हे मला कळतं. पण एजंटला जे देता ते मोजून बघा. इकडे आल्यावर कुणी विचारलं की आपण म्हणतो, सगळं छान आहे. कृपा करून तसल्या 'छान'वर विसंबू नका, माझ्यासुद्धा.

सांगलीच्या पोराच्या प्रोबेत्साइटचे बारा दिवस उरलेत. शनिवारी आम्ही अडीच तास फोनवर होतो. ड्युटीचे तक्ते, मोबाइलमधले फोटो, आईला पाठवलेले मेसेज असं सगळं धुंडाळून त्याने पहिल्या दिवसापासूनची वही लिहायला घेतलीय. सल्लागाराची वेळ गुरुवारी दुपारी मिळाली. त्याचं जर्मन अजून अडखळतं, म्हणून मी सोबत जाणार आहे. अर्धी सुट्टी मागायला गेलो तेव्हा माइस्टरनी कारण विचारलं आणि मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जा. आणि त्याला सांग, भांडी घासली ते पण लिही. तासांसकट."

मी लगेच त्याला कळवलं.