कणकेचा गुण

"काय रे, पोळ्यांना बाई लावलीस का?" जेवता जेवता मित्राने विचारलं. इथल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातला, पहिलीपासूनचा मित्र. घास मोडताना पोळीचे पापुद्रे सुटत होते आणि तो ते बोटांनी वेगळे करून बघत होता. पोळ्या मी केल्या होत्या. तीन महिने रोज सकाळी लाटून लाटून आता कुठे तशा व्हायला लागल्या होत्या. आणि मी काय बोललो? "छे रे, यंदा लोकवन चांगला मिळाला. कणकेचाच गुण."

त्या बिचाऱ्या गव्हाने काय केलं होतं?

झालं होतं असं, की बायकोचं मनगट मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टर आलं. भात, वरण, भाजी मी कशीबशी निभावली. पोळी मात्र काही केल्या निभेना. ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची. "पाण्याचा हात लावून तिंबा. अजून. अहो, अजून!" कणीक सैल की घट्ट, हे डोळ्यांना नाही, बोटांना कळतं म्हणे. माझ्या बोटांनी जन्मभर नोटा मोजल्या, त्यांना हे कुठून कळणार? लाटीवर तेलाचं बोट फिरवायचं, वर चिमूटभर पिठी, दुमडायचं. पुन्हा तेल, पुन्हा पिठी, पुन्हा दुमडायचं. तेलामुळे आणि पिठीमुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत आणि तव्यावर आत कोंडलेली वाफ त्यांना उचलून धरते. तत्त्व पहिल्याच दिवशी समजलं. पण कडा जाड आणि मध्यावर पातळ, हे माझं लाटणं सुटता सुटेना, आणि तशी पोळी फुगत नाही. प्लास्टर निघालं तरी मी ओट्यापासून हटलो नाही. एके सकाळी तव्यावरची पोळी अशी टम्म फुगली की मी एकटाच हसत उभा राहिलो. बँकेच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं तेव्हाही एवढा हसलो नव्हतो. (फुगलेल्या पोळीकडे बघत बसलं की ती करपते, हेही त्याच दिवशी कळलं.)

आणि हे सगळं मी लोकवनच्या नावावर घालून मोकळा झालो. मित्र गेल्यावर बायको म्हणाली, "माझ्या पोळ्यांबद्दल छत्तीस वर्षांत कुणी विचारलंच नाही. म्हणून गव्हाचं नाव पुढे करायची वेळ नाही आली माझ्यावर."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

आपल्यात ही सवयच आहे. साडी छान म्हटलं की "जुनीच आहे", पोराला चांगले मार्क पडले की "पेपर सोपा होता". समर्थांनी आपली स्तुती आपणच करणाऱ्याला मूर्खांच्या यादीत बसवलं, ते आपण पक्कं लक्षात ठेवलं. पण त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत फिरणाराही मूर्ख ठरवलाय, हे आम्ही बडोदेकर सोयीने विसरतो. आमच्याकडच्या कुठल्याही मराठी दिवाणखान्यात दहा मिनिटं बसा, कुणाचे तरी पणजोबा सयाजीरावांच्या दरबारात निघतातच. 1906 साली महाराजांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे सांगताना आमची मान अशी ताठ होते की जणू शाळांची कुलपं आम्हीच उघडली.

माझे वडील तर 577 धावांवर जगले. मार्च 1947, रणजीची फायनल, बडोदे विरुद्ध होळकर. विजय हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या विकेटची भागीदारी 577. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते. पुढे साठ वर्षं ते हा आकडा अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, मधल्या धावा हेच पळालेत. 2006 मध्ये श्रीलंकेच्या जोडीने 624 करून कुठल्याही विकेटच्या सर्वात मोठ्या भागीदारीचा तो विक्रम मोडला त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत. याच बाबांनी दिवसा नोकरी करून रात्री अभ्यास केला आणि पदवी मिळवली. ती गोष्ट मला काकूकडून कळली. आपण सांगायचं नसतं, लोक सांगतात, असं ते म्हणत. बाबांच्या बाबतीत लोकांनी सांगितलं नाही.

गंमत म्हणजे ज्या महाराजांच्या नावावर आम्ही मिरवतो, त्यांच्याबद्दल बडोद्यात पोराटोरांना ठाऊक असलेली कथा अगदी उलटी आहे. दत्तक घेण्यासाठी नाशिककडच्या कवळाण्याहून मुलं आणली होती. इथे कशाला आलास, असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राजा व्हायला. "छे, सहज आलो, बडोदं बघायला" म्हणाला असता तर?

वरच्या मजल्यावरच्या बेनना असले पेच पडत नाहीत. त्या रोटलीचा डबा हातात देतानाच सांगतात, "मारा जेवी रोटली आखी सोसायटीमां कोईनी नथी." पूर्वी मला हे आगाऊपणाचं वाटायचं. रोटली खरोखरच मलमलीसारखी असते, हा भाग वेगळा.

परवा मित्र पुन्हा जेवायला आला. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. त्याने पहिला घास घेतला, मान डोलावली आणि म्हणाला, "लोकवन संपला नाही वाटतं अजून?"

"गव्हाचं सोड," मी म्हणालो. "पोळ्या मी केल्यात. आणि छान झाल्यात." कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, पण बोललो. बायको आमटी वाढता वाढता थांबली.

मित्राने माझ्याकडे बघितलं, पोळीकडे बघितलं, आणखी एक घास सावकाश चावला.

"मीठ जरा कमी पडलंय," तो म्हणाला.

मी माझ्या ताटातला तुकडा मोडून नुसताच खाऊन बघितला. मीठ बरोबर होतं. तसं सांगितलं आणि त्याला आणखी एक वाढली.