शिकंजीत लिंबू

रविवार, रात्रीचे पावणेबारा

ओट्याशेजारी ज्या खिळ्याला श्रीखंडाचा चक्का टांगतात, त्याच खिळ्याला आत्ता एक पुरचुंडी लटकली आहे. खाली पातेलं, आणि पातेल्यात थेंब थेंब ब्रँडी पडते आहे. आई (सासूबाई, वय 78) झोपायला जाताना बजावून गेल्या, “पिळू नकोस हं. गळेल तेवढंच गळू दे.” आत काय आहे हे त्यांना ठाऊक आहे. तरी बजावलं.

पहिल्यापासून लिहिते, नाहीतर दोन महिन्यांनी माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

यांची पन्नाशी येत्या शनिवारी. आठ जण जेवायला. केक नको, बासुंदी नेहमीचीच, काहीतरी वेगळं कर, एवढं सांगून हे मोकळे झाले. बंगळुरूहून आलेल्या लेकीने तोडगा काढला: डेझर्ट कॉकटेल. म्हणजे जेवणानंतरचं गोड आणि पेग एकाच ग्लासात. ऐकून मला हसूच आलं. थंडीत रात्री अकराला इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) आणि जलेबा (दांडगी जिलेबी) रिचवून वर ग्लासभर शिकंजी घेणाऱ्या गावाला गोड पिणं कोण शिकवणार? फरक काय तो ब्रँडीचा.

(शिकंजीचं इथेच लिहून ठेवते, कारण सगळा घोटाळा तिच्यापायी. उत्तरेत सगळीकडे शिकंजी म्हणजे लिंबूपाणी, त्यात काळं मीठ आणि जिरं. आमच्या इंदुरात शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, केशर, वेलची, सुका मेवा. पिताना मध्येच चमचा मागावा इतकी दाट. दिल्लीचा पाहुणा पहिल्यांदा मागवतो आणि ग्लासाकडे बघत बसतो. इतकी वर्षं आम्ही ही गंमत लांबून पाहत आलो.)

काल पहिला प्रयोग ब्रँडी अलेक्झांडरचा. ब्रँडी, चॉकलेटचं लिकर (गोड दारू) आणि क्रीम, तिन्ही सारखं, 30-30 मिली. बर्फात हलवायचं, गाळायचं, वर जायफळ किसायचं, झालं. चॉकलेटचं लिकर काही मिळालं नाही, म्हणून कोको घालून पाक करायला घेतला. आई मागे उभ्याच. “तार आणू नकोस. साखर विरघळली की उतरव, आणि दोन थेंब लिंबू पिळ, नाहीतर बाटलीत खडे धरतील.” लेक फोनमध्ये बघून म्हणाली, “आजी बरोबर सांगतेय. बारवालेसुद्धा असंच करतात.” आंबटामुळे साखर पुन्हा दाणा धरत नाही. आई चिरोट्यांच्या पाकात हे साठ वर्षं करत आल्या आहेत, त्यामुळे बारवाल्यांचा दाखला ऐकून त्यांना विशेष काही वाटलं नाही.

मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण, हलवायला मुरांब्याची बरणी, गाळायला चहाचं गाळणं. शेकर हवाच म्हणून लेक हटून बसली होती, ऐकलं नाही. क्रीमही घरचंच वापरू म्हटलं, चार दिवसांची साय होती. बरणी हलवली, हलवली, उघडून बघते तर लोणी. पांढराशुभ्र गोळा चॉकलेटी पाण्यात तरंगतोय. आईंनी डोकावून शांतपणे विचारलं, “आणि ताक?”

त्यांचं बरोबरच होतं. साय गार करून आपटली की स्निग्धांशाचे कण एकमेकांना धरतात, रवीने आपण दुसरं काय करतो? दुसऱ्या खेपेला डब्यातलं 25 टक्के स्निग्धांशाचं क्रीम घेतलं, दहा-बारा हिसके दिले आणि थांबले. जमलं.

मग जायफळ. माझ्याकडे जायफळाची पूड होती, पाकीट कधी फोडलं आठवत नाही. भुरभुरली. वास शून्य, नुसता लाकडाचा भुसा. आई काही न बोलता उठल्या, कोठीत गेल्या, दिवासुद्धा लावला नाही, आणि एक अख्खं जायफळ माझ्या हातावर ठेवलं. किसणीवर चार वेळा फिरवलं असेल, तेवढ्यात हे बाहेरून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, “श्रीखंड केलंय?”

कोठीचं थोडं लिहायला हवं. माझं स्वयंपाकघर भरलेलं आहे असा माझा समज होता. डबे मोजले तर भरलेलंच आहे. पण काल लेकीने सगळं ओट्यावर काढलं तेव्हा दालचिनीची तीन अर्धवट पाकिटं निघाली, व्हॅनिलाच्या दोन बाटल्या (एक सुकून चिकट झालेली), तारीख उलटून गेलेला कंडेन्स्ड मिल्कचा डबा, आणि बदाम मात्र संपलेले. दालचिनी तीनदा का आणली? कारण आहे हे माहीत नव्हतं म्हणून.

आईंची कोठी म्हणजे स्वयंपाकघरामागची चार बाय सहाची अंधारी खोली. रामबागेतलं हे घर जुनं म्हणून ती राहिली. फ्लॅट घेतला असता तर तिथे वॉशिंग मशीन बसलं असतं. माझ्या फळ्यांवर आहे त्याच्या निम्मंसुद्धा सामान तिथे नसेल. दाराला आतून कॅलेंडरचा पाठकोरा कागद, त्यावर यादी, प्रत्येक वस्तूपुढे आकडा. काढलं की आकडा खोडायचा, नवा लिहायचा. मसाला अख्खाच ठेवायचा: जायफळ, वेलची, दालचिनी पूड करून ठेवली की काही महिन्यांत वास उडतो, अख्खी असली की वर्षानुवर्षं राहतात. केशराची डबी फडक्यात गुंडाळून अंधारात. ठोक सामान सियागंजातून, चार-आठ आण्यांचं (त्यांच्या भाषेत, हल्ली चार-आठशेचं) मारोठिया बाजारातून. नवीन लग्न होऊन आले तेव्हा ती यादी मला चिक्कूपणाची वाटायची. चार लवंगांचा हिशोब कसला ठेवायचा! माहेरी ग्वाल्हेरला आमच्याकडे सगळं अंदाजपंचे असे, आणि आयत्या वेळी शेजारी वाटी घेऊन मला पळवत. लेक सांगत होती, बारमध्येसुद्धा काउंटर बंद करताना बाटल्यांत किती उरलं ते लिहून ठेवतात. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “ठेवणारच की. उद्याचं गिऱ्हाईक वाटी घेऊन शेजारी जाणार आहे का?”

तर आजची दुपार. परक्या अलेक्झांडरपेक्षा आपली शिकंजीच ब्रँडीत का करू नये, असं माझ्या डोक्यात आलं. लेकीने कुठूनशी ‘शिकंजी कॉकटेल’ची कृती शोधून पाठवली. मी पातेल्यात क्वार्टर ओतली, म्हणजे 180 मिली ब्रँडी. साखर, किसलेलं जायफळ. पाच लिंबांचा रस. कृती लिहिणारा उत्तरेकडचा, त्याची शिकंजी लिंबाची. मी वाचत होते इंदुरी डोळ्यांनी. यादीत दूध दिसेना, तर लिहायचं राहिलं असेल म्हणून मीच घातलं. पाव लिटर. कोमट. केशराचं.

लिंबू पिळलेल्यात दूध ओतताना हात थांबला नाही का, असं सगळ्यांनी विचारून झालंय. थांबला होता. पण दारूच्या बाबतीत मी अडाणी, वाटलं त्यांच्यात चालत असेल.

एका क्षणात फाटलं. वर पांढरे गठ्ठे, खाली पिवळट पाणी, आणि मध्ये केशराच्या काड्या माझ्याकडे बघतायत. ब्रँडी गेली त्याचं एवढं नाही, केशराचं जास्त लागलं. पातेलं उचलून मोरीकडे निघाले तर आई म्हणाल्या, “थांब. नासलं म्हणून दूध कोणी ओतून देतं का? टांग.”

“आई, यात दारू आहे.”

“असेना. मी पिणारेय का?”

आणि स्वतःच्या ट्रंकेतून चक्क्याची मलमल काढून दिली. पाडव्याच्या श्रीखंडाची. मी नको नको म्हणत होते. “घे. आता हे तुझंच. देवाच्या नैवेद्याला मी दुसरं आणेन.”

लेक तोवर फोनमध्ये बुडालेली. एकदम ओरडली, “अगं आई, हे खरंच असतं!” याला मिल्क पंच म्हणतात. इंग्लंडात तीनशे वर्षांपासून मुद्दाम दूध फाडून करतात. लिंबाच्या आंबटाने दुधातलं केसिन नावाचं प्रथिन गोठतं, गोठताना दारूतला तुरटपणा आणि गढूळपणा स्वतःला चिकटवून घेतं, आणि गाळून खाली उतरतं ते नितळ आणि मऊ लागणारं पाणी. बेंजामिन फ्रँकलिनने 1763 साली बोस्टनच्या जेम्स बोडोइनला पत्रातून याची कृती कळवली होती: सहा क्वार्ट ब्रँडी (साडेपाच लिटरच्या वर), 44 लिंबांच्या साली चोवीस तास त्यात भिजवलेल्या, लिंबाचा रस, पाणी, साखर, तीन क्वार्ट उकळतं दूध आणि चार मोठी जायफळं किसून. मग दोन तास ठेवून पिशवीतून गाळायचं. म्हणजे वीज पकडणारा माणूसही शेवटी चक्काच टांगत होता.

आईंच्या डोक्यात एकच आकडा राहिला. “चार जायफळं? एका वेळी? घरात कार्य होतं का त्याच्या?”

पंच हा शब्दच आपल्या पाचावरून तिकडे गेला असं मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. हे ऐकून आई म्हणाल्या, “आमचं पंचामृत बरं,” आणि जपमाळ घेऊन बसल्या. पण खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवून.

पहिली धार गढूळच पडली. लेक म्हणाली, तीच परत चोथ्यावर ओतायची, चोथाच गाळणं होतो. ओतली. आता थेंब अगदी सावकाश पडतायत. दिवा घालवते.

सोमवार, दुपार

सकाळी सहाला आधी पातेलं बघितलं, मग दात घासले. केशरी झाक असलेलं सोनेरी पाणी, इतकं नितळ की पातेल्याच्या तळाचा चरा दिसत होता. जेमतेम तीनशे मिली भरलं. बाटलीत भरून फ्रिजमध्ये. अकरा वाजता (हो, सकाळी अकरा वाजता, पोहे झाल्यावर) लेकीने आणि मी एकेक टोपण चाखलं. ब्रँडीचा घशाला बसणारा चटका कुठे गेला कोण जाणे. आधी लिंबू, मग केशर, आणि गिळल्यावर मागून जायफळ. दूध कुठेच दिसत नाही, पण जिभेवर काहीतरी रेशमी राहतं. ऑफिसातून यांचा फोन, “मला ठेवलंय का?” म्हटलं, शनिवारपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही.

आठ जणांना हे पुरणार नाही. बुधवारी पुन्हा दूध फाडायचं, या वेळी ठरवून. फ्रँकलिनच्या प्रमाणात बसवलं तर एका क्वार्टरला 90 मिली दूध आणि जायफळाचा जेमतेम आठवा हिस्सा येतो. माझ्याकडून दूध अडीच-तीन पट पडलं होतं. तरी पाव लिटर पुन्हा घालावं असं मला वाटतं, ते रेशमीपण त्याचंच असणार. लेक म्हणते कृतीप्रमाणे कर. बघू.

चोथ्याचं काय करायचं यावरून मात्र वाद झाला. आईंच्या घरात दुधाचा कण वाया जात नाही, आणि हा कण तर ब्रँडीत भिजलेला. लेकीने तो साखर घालून टोस्टला फासला आणि कलाकंदासारखा लागतो असं जाहीर केलं. आईंनी त्या वेळी खिडकीबाहेर बघणं पसंत केलं. त्यांच्यासाठी मी आज खरी शिकंजी केली, आटवलेल्या दुधाची, बिनलिंबाची. अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाल्या, “जायफळ थोडं कमी पडलं.”

आत्ता वेलची काढायला कोठीत गेले होते. दाराच्या यादीत जायफळापुढचा 5 खोडून 3 केलाय, शेजारी ‘बुधवारच्या आत आणणे’. आणि अगदी तळाशी, नव्या पेनाने, एक नवीन ओळ:

मलमल 1 (हिची).