लोमेची बोट आणि माशाचे कल्ले

२०१२ च्या मार्चमध्ये काजूच्या सौद्यासाठी टोगोला गेलो होतो. सौदा फिसकटला. घानातल्या आक्राहून येताना आफ्लाओला घाना-टोगोची सरहद्द भर उन्हात बॅगा ओढत ओलांडली, त्याचं रडगाणं पुन्हा कधीतरी. तीन आठवड्यांत सांगण्यासारखा दिवस एकच.

गेस्टहाउसच्या वॉचमनच्या आईला दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू होता. त्या वर्षी टोगोच्या राजधानीत, लोमेच्या बंदरात, 'आफ्रिका मर्सी' लागली होती. 'मर्सी शिप्स' या ख्रिस्ती संस्थेचं हे तरंगतं हॉस्पिटल, मूळची डेन्मार्कची रेल्वे फेरी. डॉक्टर-नर्स तेव्हा स्वतःच्या खर्चाने येत, बोटीवर राहण्याजेवणाचे पैसेही पदरचे भरत. पेशंटला सगळं फुकट.

मी मोडक्या फ्रेंचमध्ये खोचकपणे विचारलं, "मग धर्म बदलायला सांगतात का?"

वॉचमन शांतपणे म्हणाला, "आम्ही आधीपासूनच ख्रिस्ती आहोत, मस्यो."

ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. आता डोळ्यावरची पट्टी निघायची होती आणि भाड्याची गाडी माझ्याकडे, म्हणून मीही गेलो. उकाडा असह्य, बाकावरची मंडळी मात्र टाळ्या वाजवत गात होती. मी मोबाइल सरसावून बसलो. खरं सांगतो, मला म्हातारीचे अश्रू हवे होते.

नर्सने पट्टी अलगद सोडवली. म्हातारी रडली नाही की गायली नाही. डोळा किलकिला करून तिने नर्सकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. आख्खा बाक हसला. भाषांतर करायला कुणी तयार होईना.

परतताना तिने मासळीबाजारापाशी गाडी थांबवायला लावली. काळा चष्मा कपाळावर चढवला, टोपलीतला मासा उचलला आणि अंगठ्याने कल्ला उघडून आतला रंग बघितला. टाकला. दुसरा टाकला, तिसराही. विकणारी करवादत होती. चौथ्याचे कल्ले लालभडक निघाले, तेव्हा कुठे घासाघीस सुरू झाली. आमच्या सावंतवाडीच्या बाजारातली कुठलीही बाई तिथे उभी असती, तर अगदी हेच केलं असतं.

वॉचमन हळूच म्हणाला, "सून शिळे मासे आणते, असं ही किती दिवस म्हणतेय. पण पुरावा नव्हता."

मला आमची आजी आठवली. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात डोळा करून ती घाट उतरून घरी आली आणि आधी सूप मागितलं. तांदळातले खडे निवडून एकेक करून आईसमोर मांडले. आई ते अजून विसरलेली नाही.

संध्याकाळी वॉचमनकडे जेवायला बोलावणं होतं. मासा झणझणीत, सोबत आकुमे, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा. म्हातारी काटे स्वतः काढत होती. सून मुकाट्याने वाढत होती, आणि तिच्याकडे बघायची माझी काही हिंमत झाली नाही.