आमची वाटचाल : हवाई चित्रीकरणाकडून मोजणीकडे

आमच्या फर्मची सुरुवात कार्यक्रमांच्या आणि जाहिरातींच्या हवाई चित्रीकरणाने झाली. पुढे ड्रोन स्वस्त झाले, उडवणारे वाढले आणि दर पडले. त्याच सुमारास एका खाणमालकाने विचारलं, "आवारात खडीचे ढीग आहेत. माल किती आहे, ते वरून सांगता येईल का?" धंद्याने वळण घेतलं ते इथे.

ढिगाचं घनफळ काढायला एक देखणा फोटो उपयोगाचा नाही. शेकडो लागतात, आणि प्रत्येकाचा ७० ते ८० टक्के भाग पुढच्या फोटोतही यावा लागतो. एकच दगड अनेक कोनांतून दिसला की सॉफ्टवेअर त्याची उंची काढतं. १०० मीटरवरून, २० मेगापिक्सेलच्या चांगल्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे अडीच-तीन सेंटिमीटर. पण त्यातून निघणाऱ्या मापांवर भरवसा ठेवता येतो तो जमिनीवर मांडलेल्या काळ्या-पांढऱ्या खुणांमुळे. त्यांची जागा आणि उंची आरटीके यंत्राने, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणाऱ्या यंत्राने, मोजतो. काही खुणा मुद्दाम हिशेबाबाहेर ठेवतो आणि नकाशा झाल्यावर त्यांच्याशी ताडून बघतो. उड्डाण लवकर आटोपतं, वेळ खातात त्या खुणा. ग्राहकाला वाटतं, पैसे उडवण्याचे! म्हणून बिलात खुणांची ओळ वेगळी असते, आणि तिच्यावर घासाघीस नाही.

सोलर पॅनेलची थर्मल तपासणी, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने केलेली, त्यानंतर आली. बिघडलेला सेल शेजारच्यांपेक्षा गरम दिसतो, पण ऊन कडक हवं, म्हणून ढगाळ दिवशी आम्ही काम घेत नाही. पिकांचे मल्टिस्पेक्ट्रल, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे वेगळे टिपणारे, नकाशेही करतो. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश जास्त परतवतं, त्यामुळे ताण कुठे आहे ते कळतं. तो पाण्याचा की किडीचा, हे शेतात उतरूनच बघावं लागतं.

संशोधकांची, पक्षी मोजण्यासारखी कामं पैशाला बेताची, तरी मला तीच आवडतात. ऑस्ट्रेलियात अभ्यासकांनी हजारो प्लास्टिकची बदकं मांडून जमिनीवरची मोजणी आणि ड्रोनची मोजणी यांची तुलना केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात ड्रोनची मोजणी ४३ ते ९६ टक्के अधिक अचूक निघाली. खरे पक्षी मात्र बिचकतात. म्हणून आम्ही ड्रोन त्यांच्या वसाहतीपासून लांबूनच वर नेतो, आणि थवा उठला की परत फिरतो.

दाट झाडीखालची जमीन फोटोत येत नाही. तिथे लायडार, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र, लागतो, कारण त्याचे काही किरण पानांच्या फटींतून खाली पोचतात. तो आम्ही अजून भाड्याने आणतो. विकत घ्यावा इतकं त्याचं काम सध्या नाही.