घर आपले, जमीन दुसऱ्याची

आमची मुले लहान असताना त्यांना सांभाळायला ज्या बाई येत, त्यांना मुले ‘तिया’ म्हणत. स्पॅनिशमध्ये मावशी आणि आत्या या दोघींनाही हाच शब्द आहे आणि मुलांचे ऐकून आम्हीही तो उचलला. मुले मोठी झाली, तरी तियांचे येणे-जाणे राहिले. काही महिन्यांपूर्वी त्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेतील आपल्या मोबाइल होम पार्कच्या कचेरीतून आलेला इंग्रजी कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “घर रिकामे करायला सांगत आहेत का, तेवढे वाचून सांगा.” तो कागद म्हणजे जागेचे भाडे वाढवल्याची नोटीस होती, घर सोडण्याची नव्हे. तरीही त्यांची भीती अनाठायी नव्हती, हे मला पुढचे काही आठवडे कायदा आणि शहराचे नकाशे चाळताना कळत गेले.

‘मोबाइल होम’ हे नाव मुळात फसवे आहे. कारखान्यात बांधलेले घर चाकांवरून एकदा जागेवर येते, त्याला पाणी, वीज, मलवाहिनी जोडली जाते, पुढे पायऱ्या आणि ओटा होतो आणि मग ते बहुधा कधीच हलत नाही. 15 जून 1976 पासून अशा घरांच्या बांधणीला देशभर एकच केंद्रीय मानक लागू झाले आणि तेव्हापासून कायद्याच्या भाषेत त्यांना ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणतात, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. अशा घरांच्या वसाहतीला पार्क म्हणतात. घर राहणाऱ्याच्या मालकीचे असते आणि त्याखालची जागा पार्कमालकाकडून महिन्याच्या भाड्याने घेतलेली असते. जुने घर उचलायचे ठरवले, तर खर्च हजारो डॉलरांत जातो आणि तेवढे करूनही त्याला आत घेणारा दुसरा पार्क मिळणे दुरापास्त असते. म्हणून इथला भाडेकरू साध्या भाडेकरूपेक्षाही अडकलेला असतो. त्याला घर सोडून जावे लागले, तर तो आपली आयुष्याची पुंजी मागे ठेवून जातो.

मी मूळचा पेडण्याकडचा असल्यामुळे हे ऐकताच मला भाटकार आणि मुंडकार आठवले. जमीन भाटकाराची आणि तिच्यावर मुंडकाराचे घर, ही व्यवस्था गोव्यात पिढ्यान्पिढ्या चालत आली. 1975 च्या कायद्याने मुंडकाराला नुसते हुसकावण्यापासून संरक्षण दिले नाही, तर घराखालची आणि भोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला; पंचायत क्षेत्रात 300 आणि नगरपालिका क्षेत्रात 200 चौरस मीटरपर्यंतचे माप त्यात ठरवलेले आहे. तो हक्क प्रत्यक्षात पदरात पडायला मामलेदार कचेरीत किती खेटे घालावे लागतात, हा वेगळा विषय आहे. कॅलिफोर्नियात मात्र असा हक्कच नाही. इथे संरक्षण दोन वेगवेगळ्या कायद्यांत विभागलेले आहे आणि त्यांची गल्लत करणे पार्कमध्ये राहणाऱ्याला महागात पडते.

पहिला कायदा भाडेकरू आणि मालक यांच्यातला. राज्याच्या 1978 च्या मोबाइल होम रहिवासी कायद्यानुसार पार्कमधून काढण्यासाठी कायद्यात लिहिलेलेच कारण असावे लागते आणि 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. भाडेवाढीची सूचना 90 दिवस आधी द्यावी लागते. पण त्या कायदेशीर कारणांच्या यादीतच एक कारण ‘जमिनीचा वापर बदलणे’ हेही आहे. म्हणजे भाडे वेळेवर भरणारा, कोणाशी वाकड्यात न शिरणारा रहिवासीही मालकाने पार्क बंद करायचे ठरवले की रस्त्यावर येऊ शकतो. त्या वेळी मालकाला विस्थापनाच्या परिणामांचा अहवाल शहराकडे द्यावा लागतो, आणि 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, ज्याला दुसऱ्या पार्कमध्ये पुरेशी सोय मिळू शकत नाही, त्याला घराची जागेवरची बाजारभावाची किंमत द्यावी लागते. हे सगळे उपयोगी आहे, पण ते निघून जाणाऱ्याच्या हातात पैसे ठेवण्यापुरते आहे. पार्क राहणार की नाही, हे दुसऱ्या कायद्यात, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात आणि झोनिंगमध्ये, म्हणजे कोणत्या जमिनीचा वापर कशासाठी करता येईल हे सांगणाऱ्या नियमांत, ठरते.

ही गोष्ट कॅलिफोर्नियातल्याच पालो आल्टो शहराच्या बुएना व्हिस्टा पार्कइतकी स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेली नाही. एल कमिनो रिआल रस्त्यालगत साडेचार एकरांत सुमारे 400 लोक राहत होते, बहुतेक लॅटिनो कुटुंबे, आणि अत्यंत महागड्या अशा त्या शहरातला हा एकमेव मोबाइल होम पार्क होता. 2012 मध्ये मालक कुटुंबाने पार्क बंद करण्याचा अर्ज केला. शहराकडे 2001 पासून पार्क बंद करण्याविषयीचा नियम होता, पण तो नुकसानभरपाईचा नियम होता. त्या जमिनीवर पार्कच राहिला पाहिजे, असे झोनिंग सांगत नव्हते. म्हणून वाद ‘पार्क का बंद करायचा’ यावर न होता ‘किती पैसे पुरेसे’ यावर झाला आणि घराची किंमत मोजताना पालो आल्टोच्या शाळांचे मोल धरायचे की नाही, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. 2015 मध्ये नगर परिषदेने अटींसह बंद करायला मंजुरी दिली. अखेर 2017 मध्ये सांता क्लारा काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) गृहनिर्माण प्राधिकरणाने शहराच्या आणि काउंटीच्या पैशांची भर घालून 4 कोटी डॉलरहून थोडे अधिक मोजले आणि पार्क विकत घेतला. लोक राहिले, पण पाच वर्षांच्या टांगत्या तलवारीनंतर. आणि दर वेळी सरकार तेवढी थैली सोडू शकेल, असे मला वाटत नाही.

वॉशिंग्टन राज्यातल्या टमवॉटर या छोट्या शहराने उलट बाजूने हात घातला. 2009 मध्ये तिथे काही पार्कांच्या जमिनीला ‘मॅन्युफॅक्चर्ड होम पार्क’ हाच स्वतंत्र झोन दिला गेला. मालक न्यायालयात गेले. आमची मालमत्ता भरपाई न देता काढून घेतल्यासारखेच हे आहे, असा त्यांचा दावा होता. 2012 मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाने, म्हणजे नवव्या सर्किटने, शहराच्या बाजूने निकाल दिला. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडनेही 2018 मध्ये आपल्या पार्कांसाठी असाच वेगळा झोन केला. मालकांची तक्रार अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही, कारण विकासकाला विकली तर जी किंमत येईल, ती त्यांना सोडावी लागते. पण ती जास्तीची किंमतही रहिवाशांची घरे हटवल्याशिवाय हाती येत नसते.

आता तियांच्या कागदाकडे येतो. सॅन होजेमध्ये पन्नासहून अधिक पार्क आहेत आणि त्यांत सुमारे 11 हजार घरे आहेत. त्यांतल्या काही पार्कांच्या जमिनीवर शहराच्या आराखड्यात भलताच वापर दाखवलेला होता, म्हणजे कागदोपत्री तिथला पार्क आज ना उद्या जाणारच होता. 2020 पासून शहराने ‘मोबाइल होम पार्क’ ही वेगळी वर्गवारी करून ती एकेका पार्कला लावायला सुरुवात केली. अशा पार्कच्या जागी दुसरे काही बांधायचे असेल, तर आधी उघड सुनावणीत आराखडाच बदलून घ्यावा लागतो.

झोनिंग भाड्याला मात्र लगाम घालत नाही. उलट नवे पार्क कोणी बांधत नसताना असलेले पार्क जपले, की मालकाच्या हातातली जागा अधिकच दुर्मीळ होते. म्हणून भाडेनियंत्रण सोबत लागते, आणि ते घालण्याचा शहरांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये एस्कोंडिडो शहराच्या खटल्यात एकमताने उचलून धरला. सॅन होजेत जुन्या पार्कांना वर्षाची वाढ महागाई निर्देशांकातल्या वाढीच्या 75 टक्के, पण 3 टक्क्यांहून कमी नाही आणि 7 टक्क्यांहून जास्त नाही, असे सूत्र आहे.

मी नोटीसवरचा आकडा या सूत्राशी ताडून पाहिला. तो मर्यादेत होता, तारखेपासून 90 दिवसही पुरे होते. मग नकाशावर त्यांचा पार्क काढून दाखवला आणि कोणता रंग कशाचा, ते सांगितले. तियांनी त्याची छापील प्रत मागून घेतली, नोटीसच्या पाकिटात घातली आणि विचारले, “पुढच्या वर्षीही असाच कागद येईल का?” मी म्हटले, येईल.