रविवारचा फोन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा सर्वांत आधी मला वसतिगृहाच्या कार्यालयातला टेलिफोन आठवला, कारण माझ्या वडिलांशी माझी खरी ओळख त्या फोनवर झाली.

आमचे गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. अण्णा बैलगाडा शर्यतींत, घाटात म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, चार बैलांच्या पुढे घोडी पळवीत. घरी मात्र ते आम्हां मुलींशी कामापुरतेच बोलत आणि ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी आल्यावर तर पारच अबोल झाले. त्याच जूनमध्ये मी आठवीसाठी पुण्याला आले. निघण्याच्या आदल्या रात्री आमची घोडी व्याली. अण्णांनी बॅटरीच्या उजेडात शिंगरू गोणपाटाने पुसून काढले. ते पाय फाकवून उठू पाहत दोनदा तोंडावर आपटले आणि तिसऱ्यांदा थरथरत उभे राहिले, तेव्हा अण्णांनी माझा हात धरून त्याच्या ओल्या मानेवर ठेवला. “तुझा वास लागू दे तिला,” एवढेच म्हणाले. त्याआधी त्यांनी कधी माझा हात धरल्याचे मला आठवत नाही.

सकाळच्या गाडीने त्यांनी मला शिवाजीनगरला आणून सोडले. वाटेत एक शब्दही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी दहा वाजता त्यांचा फोन आला आणि नंतर एकही रविवार चुकला नाही. जेवलीस का, अभ्यास कसा चालला आहे, हे त्यांनी कधी विचारले नाही. शिंगराचे पुढचे दात दिसू लागले, आईचे पाहून ते चंदीत तोंड घालते, खरारा करताना कान मागे टाकते, हेच ते सांगत आणि मी ते वहीत उतरवून ठेवी. मराठीच्या बाईंनी ती वही वर्गात वाचून दाखवायला लावली; माझ्या लिहिण्याची सुरुवात तिथली आहे.

नववीत असताना एका रविवारी अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गिऱ्हाईक आलं होतं. शर्यती नाहीत, दोन जनावरांची चंदी परवडत नाही. पण तुला विचारल्याशिवाय कसं द्यायचं?” मी रडतच नको म्हणाले. “बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

१६ डिसेंबर २०२१ रोजी, गुरुवारी, शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. मी तेव्हा पुण्यातच नोकरीला होते. रविवार नसताना अण्णांचा फोन आला.

“उद्या नालबंद येतोय. तू धरल्याशिवाय ती पाय उचलू द्यायची नाही. येशील ना?”