बसण्याचा रोज

सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्यातली दुरुस्ती 2022 सालचीच, पण तोवर हलतंय कोण! दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना एकदम पेंटर आठवला.

कुर्ल्यातलं एक दुकान. खरं नाव सांगत नाही, ‘गुरुकृपा इलेक्ट्रिकल्स’ धरा, अडचण हुबेहूब तीच. पत्र्यावर लाल रंगाचे दोन हात मारून वाळलेले. मी आलो म्हणजे आता खडू-सूत निघणार, असं शेठना वाटलं. मी रस्ता ओलांडून पानवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो.

पाटी दुकानाच्या पायरीवर उभं राहून कळत नाही. दहा फुटांना एक इंच हा आमचा ठोकताळा. रस्ता साधारण 60 फूट, म्हणजे अक्षर किमान सहा इंच. बसमधून वाचता यावं तर नऊ. पत्रा तीन फूट उंच, ओळी दोन, शिवाय खाली इंग्रजी बारीक हवंच. डावीकडे केबलवाल्यांच्या वायरींचा झुबका, त्यामागे अक्षर गेलं की गेलंच.

इंग्रजी मोठ्या अक्षरांना वर-खाली दोन रेघा मारल्या की सुटका. मराठीला डोक्यावर मात्रा-वेलांटीची जागा लागते, पायाखाली उकाराची. वरच्या ओळीत ‘गु’चा उकार आणि ‘कृ’ची शेपटी खाली लोंबणार, खालच्या ओळीत ‘ले’ आणि ‘क्ट्रि’ वर डोकं काढणार. मधे टक्कर. साधा पेंटर अक्षरं बारीक करून मोकळा होतो.

दोन चहा झाले. शेठचा मुलगा येऊन मोबाइल दाखवून गेला, दहा मिनिटांत केलेलं फ्लेक्सचं डिझाइन. त्यात ‘ट्रि’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली. त्याला ते दिसलंच नाही. मराठी शाळेत शिकलेला मुलगा!

मग पलीकडून शेठच ओरडले, “काय पेंटर, आज मुहूर्त आहे का नाही?”

त्याच सुमारास ते दिसलं. ‘रु’चा उकार कमरेला असतो, पायाखाली काही नाही. ‘रु’ ऐसपैस लिहिला तर ‘ले’ आणि ‘क्ट्रि’ दोन्ही त्याच्याखाली येतात. ‘गु’ येतो ‘इ’वर, ‘कृ’ येतो ‘क’वर, आणि ‘इ’ला नि ‘क’ला डोक्यावर काहीच नाही. दातात दात बसावा तशा दोन ओळी बसल्या. उजवीकडे चार इंच सरकवलं, वायरीही सुटल्या. नऊ इंच कायम.

जेवण करून शिडीवर चढलो. सुतानं आखलेली एक रेघ पुसावी लागली नाही. दिवेलागणीला पिवळी कडसुद्धा झाली.

रोज ठरलेला होता. शेठनी अर्धा हातावर ठेवला. “हात तर दुपारीच लावलात ना?” वाद घातला, उपयोग झाला नाही. पाटीचे तासांवर पैसे कापणारा माणूस वायरिंगमधला फॉल्ट शोधायला किती घेतो, हे विचारायचं राहून गेलं. फॉल्ट सापडला की जोडायला दोन मिनिटं लागतात, आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं पैसे देतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या साडूचा फोन आला. तशीच पाटी हवी, अगदी तशीच. रोज पूर्ण देईन म्हणाला, “फक्त काय बसायचं ते घरी बसून या.”

त्याच्या दुकानासमोर झाड आहे की खांब, हे मी घरी बसून कसं बघू? मी आठवड्यानं येतो म्हणालोय.